लोखंडी पेटीतला मुका मीटर: वडोदऱ्यातल्या स्मार्ट मीटरच्या संपर्काचं परीक्षण

स्मार्ट मीटरबद्दल वडोदऱ्यात जेवढं बोललं गेलं, ते बहुतेक 'मीटर पळतो का' या एकाच प्रश्नाभोवती. २०२४ च्या मे महिन्यात मोर्चे निघाले, आणि शेवटी खात्रीसाठी नव्या मीटरशेजारी जुन्या पद्धतीचा मीटर लावून द्यायचं ठरलं. खरं तर मोजमाप हा या यंत्राचा सगळ्यात पक्का भाग. सध्या बसवला जाणारा सिंगल फेज मीटर क्लास १ चा असतो, म्हणजे चूक साधारण एक टक्क्याच्या आत. शेजारी-शेजारी लावलेल्या अशा दोन मीटरांत महिन्याच्या ३०० युनिटांमागे फार तर सहा युनिटांचा फरक निघावा. त्याहून जास्त निघाला तर लेखी तक्रार करायला जागा आहे.

कच्चा भाग दुसरीकडे आहे. मीटरमधला आकडा सर्व्हरपर्यंत ज्या वाटेने जातो, ती वाट. हे परीक्षण त्या वाटेचं. तिचे तीन प्रकार आहेत: मोबाइलचं नेटवर्क, रेडिओची जाळी, आणि विजेच्या तारेवरूनच जाणारा संदेश. तिघांनाही गुण दिलेत, पण ते गुण यंत्रापेक्षा जागेचे जास्त आहेत. तोच मॉडेम, म्हणजे मीटरमधला निरोप पाठवणारा भाग, रावपुऱ्याच्या वाड्यात उत्तम चालतो आणि अलकापुरीच्या बेसमेंटमध्ये आठवडाभर तोंड उघडत नाही.

आधी एक गैरसमज. या कामाला वेगवान इंटरनेट लागत नाही. मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांनी एक नोंद करतो: तारीख-वेळ, व्होल्टेज, करंट, तेवढ्या वेळातली युनिटं. अर्ध्या तासाने एक धरली तर दिवसाच्या ४८ नोंदी, म्हणजे मोजक्या किलोबाइटचा मामला. व्हॉट्सअॅपवरचा 'सुप्रभात'चा एक फोटो याहून जड असतो. त्यामुळे 'आमच्याकडे फाइव्ह-जी आहे, मग मीटर का अडतो' हा सवाल गैरलागू आहे. वेग कितीही असला तरी चालेल. हाक मारल्यावर ओ मिळाली पाहिजे.

ती ओ मिळाली नाही तर नोंदी हरवतात का? नाही. मीटर त्या स्वतःच्या मेमरीत महिनाभराहून जास्त काळ सांभाळतो आणि संपर्क जुळला की एकदम पाठवतो. नेमका इथेच माणूस बिथरतो. समजा घरात रोज ९ युनिटं जळतात आणि प्रीपेड खातं आहे. तीन दिवस संपर्क नव्हता, अॅपमधली शिल्लक हलली नाही, माणूस खूश. चौथ्या दिवशी सकाळी २७ युनिटांचे पैसे एका झटक्यात वळते होतात. अॅप उघडून बघितलं तर 'एका रात्रीत एवढे कापले'. मीटर पळालेला नसतो, तीन दिवसांचा हिशेब एकाच ताटात वाढलेला असतो. अॅप बनवणाऱ्यांनी शिल्लक दाखवताना 'शेवटचं रीडिंग अमुक तारखेचं' ही ओळ त्याच ठिकाणी ठळक लिहिली, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील. कित्येक अॅपमध्ये ती असते, पण तीन पानं आत.

पडताळा स्वतः घ्यायचा तर सोपा आहे. मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप फिरत असतात. त्यातला एकूण युनिटांचा, म्हणजे केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा आला की फोटो काढायचा, सात दिवसांनी त्याच वेळी पुन्हा काढायचा. वजाबाकी अॅपमधल्या सात दिवसांच्या बेरजेशी लावायची. एका दिवसाचा ताळा लावत बसू नये, कारण अॅपचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि आपला फोटो सकाळी सातचा असतो. छतावर सोलर असेल तर घेतलेली आणि दिलेली युनिटं वेगवेगळ्या खात्यात मोजली जातात. दोन्हींचे फोटो हवेत.

आता पहिला प्रकार, मोबाइल नेटवर्कचा. मीटरच्या आत फोर-जी मॉडेम आणि एक सिम. हे सिम आपल्या फोनमधलं नसतं, यंत्रांसाठीचं १३ आकडी नंबरचं असतं, आणि पुष्कळदा बोर्डावरच झाळलेलं असतं. मोठा फायदा असा की शेजाऱ्याच्या मीटरवर काही अवलंबून नाही. एक मीटर लावा, रेंज असेल तर दहा मिनिटांत तो बोलू लागतो. बंगल्यांच्या विरळ वस्तीला, भायली-सेवासीकडच्या नव्या सोसायट्यांना हाच बरा.

अडचण मीटर कुठे बसतो याची आहे. अपार्टमेंटमध्ये सगळे मीटर तळमजल्यावर जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या पेटीत, एकावर एक. वर आरसीसीचा स्लॅब, बाजूला लिफ्टचा खड्डा, समोर उभ्या गाड्या. पत्र्याची पेटी बंद केली की सिग्नल सहज १० ते २० डीबीने (डेसिबल, सिग्नलच्या चढउताराचं माप) पडतो. डीबीचा हिशेब दिसतो तसा साधा नसतो: १० डीबी म्हणजे जोर दहावा हिस्सा उरला, २० डीबी म्हणजे शंभरावा. तंत्रज्ञ येतो तेव्हा दार उघडतो, मॉडेम लगेच बोलतो, 'सब बराबर छे' म्हणून दार लावून तो जातो आणि मीटर पुन्हा मुका. या एका गोष्टीपायी तक्रारी महिनोन् महिने रेंगाळतात.

म्हणून तपासणी बंद दारानेच करायची. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस', तिथे सिग्नलचा जोर डीबीएममध्ये, उणे आकड्यात दिसतो; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त. मीटरचं सिम ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये हवं. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायचं, वायर आणि टर्मिनलपासून दूर, मोकळ्या कप्प्यात फोन उभा ठेवायचा, दार लावायचं, दोन मिनिटांनी काढून रेकॉर्डिंग बघायचं. फोर-जीवर आकडा उणे ९५ पर्यंत असेल तर निवांत. उणे ९५ ते उणे ११० मध्ये बहुतेक दिवस काम होतं. उणे ११५ च्या खाली गेला तर कुठलाही मॉडेम आणा, रडणारच. उघड्या दारात उणे ९८ दिसणारा आकडा बंद दारात उणे ११४ वर जाणं नवलाचं नाही.

तंत्रज्ञ लॅपटॉप लावून मॉडेमला विचारतो तेव्हा उत्तर वेगळ्या मापात येतं, ० ते ३१ मध्ये. ९९ आलं तर काहीच कळलं नाही असा अर्थ. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात. ९ आला तर उणे ९५. पण हा पट्ट्यातला एकूण जोर झाला. फोनवर दिसणारा फोर-जीचा आकडा एकाच बारीक उपवाहकाचा, म्हणजे त्या पट्ट्यातल्या एका अरुंद चिरेचा असतो, त्यामुळे त्याच जागी तो वीस-पंचवीस डीबीने कमी दिसतो. दोघांनी आपापले आकडे खरेच सांगितलेले असतात आणि तरी वाद होतो. माप कुठलं, ते आधी विचारून घ्यावं.

उपाय तीन. पहिला, पेटीचं पत्र्याचं दार काढून पॉलिकार्बोनेटचं बसवणं. स्वस्तातला आणि सगळ्यात परिणामकारक. दुसरा, बाहेरचा अँटेना. मीटरला तशी खाच असेल तर बारीक केबल पेटीबाहेर काढून अँटेना भिंतीवर लावता येतो. केबल तीन मीटरच्या आत ठेवायची. आरजी-१७४ जातीची बारीक केबल ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर एक मीटर लांबीला जवळजवळ एक डीबी खाते, १८०० वर त्याहून जास्त. दहा मीटर केबल ओढून अँटेना गच्चीवर नेणारे कमावलेलं सगळं केबलमध्येच घालवतात. अँटेना लोखंडी पाइपला चिकटवून लावू नये, आणि सांधा खाली तोंड करून ठेवावा, नाहीतर पहिल्या पावसात त्यात पाणी शिरतं. तिसरा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून आत शिरतात, २३०० च्या बाहेरच अडखळतात. कुठल्या कंपनीचा कुठला पट्टा त्या गल्लीत पोचतो यावर सगळं ठरतं. तिन्ही कामं सीलबंद भागाशी लागून आहेत, तेव्हा वीज कंपनीच्या सब-डिव्हिजनला अर्ज देऊनच करून घ्यावीत. स्वतः पान्हा लावला तर तो छेडछाडीचा गुन्हा ठरू शकतो.

याच जातीत एनबी-आयओटी नावाचा धाकटा भाऊ आहे. त्याची वाट फक्त १८० किलोहर्ट्झ रुंद, बोलणं हळू, पण साध्या मोबाइल जोडणीपेक्षा सुमारे २० डीबी जास्त पडझड सोसतो. कागदावर बेसमेंटसाठी याच्यासारखा दुसरा नाही. मात्र एक संदेश तो पुन्हा पुन्हा पाठवून पोचता करतो, म्हणून खराब जागी उत्तर यायला कित्येक सेकंद लागतात. रीडिंगला ते चालतं. रिचार्ज केल्यावर लाइट कधी येते म्हणून जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला ते चालत नाही.

मोबाइलवाल्या मीटरला साध्या इमारतीत १० पैकी ७, पत्र्याच्या पेटीत आणि बेसमेंटमध्ये ३. आणखी एक गुण भविष्यासाठी राखून ठेवावा लागतो. मीटर दहा वर्षं टिकेल असं धरतात, मोबाइलची पिढी तेवढी टिकतेच असं नाही. मॉडेम वेगळ्या सीलबंद खाचेत बसणारा असेल तर फक्त तो बदलता येतो. आतच झाळलेला असेल तर अख्खा मीटर. बसवताना हे एवढं बघून ठेवावं. खाचेचं स्वतंत्र झाकण आणि स्वतंत्र सील नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

दुसरा प्रकार रेडिओच्या जाळीचा, आरएफ मेश. मीटर एकमेकांशी बोलतात, एकाचा निरोप दुसरा पुढे ढकलतो, आणि असं हातोहात करत तो खांबावरच्या संकलकापर्यंत, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत पोचतो. त्याच्यापुढे मोबाइल किंवा फायबर. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणून अँटेना नऊएक सेंटिमीटरचा, मीटरच्या आतच मावतो.

मांडवीभोवतीच्या पोळी, म्हणजे जुन्या दाट गल्ल्या, या तंत्रासाठीच बांधल्यासारख्या आहेत. घराला घर लागलेलं, मीटर ओटल्यावर किंवा दाराशेजारी, दोन मीटरांत चार-सहा पावलं. एकाची वाट अडली तर निरोप दुसऱ्या घरावरून वळसा घेतो. दांडिया बाजारच्या वाड्यांतही तसंच. अशा वस्तीत १० पैकी ८. विरळ वस्तीत मात्र ४, कारण मधे रिकामे प्लॉट असले की साखळी तुटते आणि खांबावर रिपीटर लावत जावं लागतं. झाडांचाही त्रास होतो. ज्या गावाचं नावच वडावरून पडलं तिथे संकलक वडाच्या छायेत लावायचा मोह होतो. पावसाळ्यात ती ओली पानं सिग्नल गिळतात. संकलक झाडाच्या वर तरी असावा, नाहीतर झाड सोडून.

जाळीचं दुखणं वेगळ्या वेळी कळतं. एका घराचा मीटर काढला, घर पाडायला घेतलं, की त्याच्या मागे लटकलेले पाच-सहा मीटर अनाथ होतात आणि नवा आधार शोधत बसतात. ते आपोआप सावरतं, पण तासभर जाऊ शकतो. तसंच वीज बराच वेळ खंडित झाल्यानंतर. सगळ्या गल्लीची लाइट एकदम आली की सगळे मीटर एकदम उठतात, एकमेकांना हाका मारतात, आणि जाळी पुन्हा विणायला वीस-तीस मिनिटं लागू शकतात. लाइट आल्या आल्या रिचार्ज करून 'जोडणी का होत नाही' म्हणून फोन फिरवण्यात अर्थ नाही. किती टप्प्यांवरून निरोप जातो हेही विचारावं. तीन-चार टप्पे ठीक. दहा असतील तर तिथे दुसरा संकलक हवा.

लाइट जाताना मीटरने शेवटचा निरोप द्यायचा असतो, 'मी बंद पडतोय'. त्याला लास्ट गॅस्प म्हणतात आणि विक्रीच्या पत्रकात तो हमखास असतो. त्यासाठी आत छोटा सुपर-कपॅसिटर लागतो, जो काही सेकंद दम धरतो. जाळीत गंमत अशी की निरोप पुढे नेणारा शेजारीही त्याच क्षणी शेवटच्या घटका मोजत असतो. म्हणून गल्लीतले सगळे निरोप पोचत नाहीत. दहा-वीस पोचले तरी कुठला टीसी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, गेला ते कळतं. (महाराष्ट्रात ज्याला डीपी म्हणतात त्याला गुजरातेत टीसी म्हणतात, फोनवर तक्रार देताना हा एक शब्द वेळ वाचवतो.)

तिसरा प्रकार, तारेवरून संदेश, पीएलसी. कल्पना मोहक आहे: तार आहेच, रेंज नको, सिम नको, बेसमेंट असो की तळघर. ३५ ते ९१ किलोहर्ट्झच्या आसपासचा बारीक सिग्नल ५० हर्ट्झच्या विजेवर स्वार होतो. पण ती तार आता स्वच्छ राहिलेली नाही. एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, चार्जर, घरचा इन्व्हर्टर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, सगळे याच पट्ट्यात कचरा टाकतात, आणि घरगुती सोलरमध्ये गुजरात देशात आघाडीवर आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) मोटारींचे ड्राइव्ह आणि पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर असतात. कपॅसिटर तर अशा सिग्नलला थेट गिळून टाकतो. अॅल्युमिनियमच्या तारेचा एक सैल जंपर असला की संदेश रात्री पोचतो आणि दुपारी एसीच्या वेळी नाही. ट्रान्सफॉर्मर ओलांडून सिग्नल जवळजवळ जातच नाही, म्हणून प्रत्येक टीसीवर एक संकलक लागतो. एकटा म्हणून ५ गुण. जिथे रेडिओ पोचत नाही त्या तळघरापुरता, जाळीच्या जोडीला, ७.

तिन्हींच्या वर जे धावतं ते एकच आहे: डीएलएमएस ही भाषा आणि १२८ बिटांचं एईएस कुलूप. भारतासाठी तिचे नियम आयएस १५९५९ या भारतीय मानकात आहेत. ही बाजू चांगली आहे. वेगवेगळ्या कारखान्यांचे मीटर त्यामुळे एकाच सर्व्हरशी बोलू शकतात. मीटरच्या तोंडावर गोल चकती दिसते ते ऑप्टिकल पोर्ट. ओळखपत्र नसलेल्या कोणालाही तिथे केबल लावू देऊ नये.

या शहरात स्मार्ट ग्रिड म्हटलं की मीटरच डोळ्यांपुढे येतो, पण गोत्रीत राज्याचं भार प्रेषण केंद्र, म्हणजे राज्यभरच्या विजेची ये-जा सांभाळणारी कचेरी आहे आणि तिथलं जग निराळं. सबस्टेशनच्या आत आयईसी ६१८५० या मानकावर दोन रिले (बिघाड ओळखणारी यंत्रं) एकमेकांना ट्रिपचा, म्हणजे वीज तोडण्याचा निरोप तीन-चार मिलिसेकंदांत देतात. सबस्टेशन ते केंद्र आयईसी ६०८७०-५-१०४ हे मानक, बहुतेक टॉवरच्या माथ्यावरच्या अर्थ वायरमध्ये गुंफलेल्या फायबरवरून. रिलेला अर्धा सेकंद उशीर म्हणजे अपघात. मीटरला अर्धा तास उशीर म्हणजे काहीच नाही. दोघांना एकाच नावाखाली विकणारं पत्रक दिसलं तर पान उलटावं.

पुराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे तो कल्पनेतला नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा काठच्या वस्त्यांत वीज सुरक्षेसाठी बंद ठेवावी लागली. अशा वेळी तिन्ही प्रकार थोड्याफार फरकाने गप्प होतात. मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास काढतो, मग डिझेल पोचलं तरच. जाळीचा संकलक स्वतःच्या बॅटरीवर थोडा वेळ तग धरतो, पण त्याच्याशी बोलणारे मीटरच मेलेले असतात. पाण्याखाली गेलेला मीटर नंतर वाळून चालू झाला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये. टर्मिनलवर गाळाचा थर राहतो, मॉडेमच्या खाचेतल्या पिना हिरव्या पडतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी संपर्क अधूनमधून तुटायला लागतो. तो बदलूनच घ्यावा. समा, कारेलीबाग, अकोटा भागात नदीकाठच्या ज्या सोसायट्या वायरिंग नव्याने करतायत, त्यांनी मीटर-पेटी पहिल्या मजल्याच्या जिन्यावर नेण्याचा अर्ज आत्ताच द्यावा. रेंजही तिथे बहुधा सुधारते, हा वरकड फायदा.

पैसे संपून लाइट तुटली तर मॉडेम बंद पडत नाही. मीटरमधला वीज तोडणारा रिले घराच्या बाजूला असतो, मॉडेम खांबाकडून येणाऱ्या विजेवर जिवंत राहतो. म्हणून रिचार्जनंतर जोडणीचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचू शकतो. पैसे भरले, अॅपने पावती दिली, पंधरा-वीस मिनिटांत लाइट आली नाही, तर आधी मीटरच्या पडद्यावरचं सिग्नलचं चिन्ह बघावं. चिन्ह आहे आणि लाइट नाही, तर हुकूम वर सर्व्हरमध्येच अडकलाय. पावतीचा क्रमांक देऊन पुन्हा पाठवायला सांगायचं. चिन्हच नसेल तर पेटीचं दार उघडून दहा मिनिटं ठेवावं. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

तक्रार लिहिताना 'मीटर खराब आहे' एवढंच लिहू नये. वायरमन येतो, मीटर बदलतो, नवा त्याच पत्र्याच्या पेटीत बसतो आणि आठ दिवसांत तोही मुका होतो. अर्जात मीटर क्रमांक, अॅपवरच्या शेवटच्या रीडिंगची तारीख, पडद्यावरच्या सिग्नलचा फोटो, उघड्या आणि बंद दारातले डीबीएमचे दोन आकडे, आणि त्याच पेटीतले आणखी किती मीटर गप्प आहेत ते लिहावं. बारापैकी अकरा गप्प असतील तर पेटी किंवा नेटवर्क बदला. एकच गप्प असेल, तर मॉडेम.